हिसागोचा डोंगर आणि ओकियामांची सून

हिसागोजिमा बेटावर मिहोकोला "कशी आहेस?" असं कुणी विचारत नसे. "काय मिहोको-सान, डोंगर कधी फुटतोय मग?" हेच विचारत. दुकानात तोफू घेताना विचारत, धक्क्यावर बोटीची वाट बघताना विचारत. एकदा तर अंत्यविधीच्या रांगेत काळे कपडे घालून उभी असताना मयताच्या सख्ख्या भावाने कानाशी लागून विचारलं होतं. मिहोको दात आवळून दर वेळी एकच उत्तर देई, "कधी फुटेल ते मला कळत नाही हो. मागच्या खेपेला कशानं फुटला, ते थोडंफार कळतं."

"म्हणजे माणूस गेल्यावर नाडी बघणारी वैद्यीणबाई!" असं गावप्रमुख असानुमा म्हणत आणि स्वतःच्याच विनोदावर खदाखदा हसत.

मिहोको मूळची तोचिगीची, म्हणजे जिथे समुद्र औषधालाही सापडत नाही अशा मुलखातली. तोक्योच्या एका विद्यापीठात कुसाकाबे सेन्सेइंच्या, म्हणजे आपल्या प्राध्यापकांच्या, हाताखाली ती ज्वालामुखीच्या दगडांचा अभ्यास करत होती, आणि सेन्सेइंनीच तिला दगड गोळा करायला या बेटावर धाडलं. बोट तिला इतकी लागली की धक्क्यावर दोघांनी धरून उतरवावं लागलं. त्यातला एक केनसाकु ओकियामा. मग अख्खा उन्हाळा तिने फोडलेले दगड पोत्यात भरून डोंगरावरून खाली आणायचं काम त्यानेच केलं. एके दिवशी पोतं जमिनीवर टेकवून तो म्हणाला, "दर वर्षी असं येण्यापेक्षा इथेच राहिलीस तर माझी पाठ तरी वाचेल." ही आपल्याला घातलेली मागणी आहे, हे तिच्या लक्षात यायला बराच वेळ लागला.

सेन्सेइंनी लग्नाला आहेर पाठवला, आणि फोनवर सुनावलंच. "हाकामाता-कुन, मी तुला दगड आणायला पाठवलं होतं, नवरा आणायला नव्हे."

हाकामाता हे तिचं माहेरचं आडनाव, आणि 'कुन' हे गुरूने शिष्याला लावायचं. लग्नाला वीस वर्षं झाली तरी सेन्सेइ तिला हाकामाताच म्हणत राहिले. तिने अनेकदा सांगून पाहिलं, मग नाद सोडला.

पदवीचा प्रबंध अर्धवट राहिला तो राहिलाच. गावाने धक्क्याजवळ ज्वालामुखीचं एक छोटं प्रदर्शन थाटलं होतं, तिथे ती कामाला लागली. प्रवासी आत येत, काचेमागच्या दगडांकडे ओझरतं बघत आणि "स्वच्छतागृह कुठे आहे?" असं विचारत. त्याची किल्लीही तिच्याकडेच असे. तिची खरी नोकरी तीच, असं केनसाकु म्हणे.

पण दगड तिने सोडले नव्हते. घरामागच्या मासे वाळवायच्या छपरीचा अर्धा भाग तिने सासूशी भांडून मिळवला होता. तिथे करवत, घासायची चाकी आणि एक जुना सूक्ष्मदर्शक मांडून ती दगडाचे कागदाहून पातळ काप काढत बसे. उरलेल्या अर्ध्यात सासूबाईंचा, शिगेबाईंचा संसार. शिगेबाई कुसाया करत. लाकडी पिंपात जुनं मुरलेलं खारं पाणी, त्यात चिरलेले मासे बुडवायचे, काढायचे, वाळवायचे. पाणी मात्र कधी फेकायचं नाही, भर घालत जायची. शिगेबाईंच्या पिंपातलं पाणी त्यांच्या आजेसासूच्या काळचं होतं. त्याच्या वासाने नवखा माणूस दारातूनच परत फिरे. शिगेबाई मात्र छाती भरून श्वास घेत आणि म्हणत, "आज पाणी खुशीत आहे."

मिहोकोचं सेन्सेइंशी भांडण होतं ते डोंगराच्या पोटावरून. समुद्राचा तळ पूर्वेकडून येऊन या बेटांच्या रांगेखाली घुसतो. जाताना ओल घेऊन जातो, त्या ओलीने खालचा कातळ वितळतो आणि शिलारस वर चढू लागतो. इथवर दोघांचं एकमत होतं. पुढे सेन्सेइंचं म्हणणं असं, की तो रस डोंगराखालच्या एका मोठ्या हौदात येऊन साठतो आणि सावकाश निवतो. आधी जड, काळपट स्फटिक धरतात आणि तळाशी बसतात, मागे उरलेला रस फिका आणि चिकट होत जातो, त्यातली वाफ कोंडते, आणि एक दिवस झाकण उडतं. सगळं कसं शिस्तीत, सेन्सेइंच्या टेबलासारखं.

मिहोकोच्या कापांत ही शिस्त दिसत नव्हती. स्फटिक झाडासारखा वाढतो, कड्यावर कडं चढत जातं. रस नुसता निवत गेला असता, तर पांढऱ्या फेल्डस्पार स्फटिकांच्या कड्यांत बाहेरच्या बाजूला चुना कमी कमी होत जायला हवा होता. तिच्या फेल्डस्पारची कडी मध्येच उंदराने कुरतडल्यासारखी खाल्लेली होती, आणि त्या खाल्लेल्या कडेवर पुन्हा चुन्याने भरलेलं ताजं कडं चढलेलं होतं. म्हणजे निवत आलेल्या रसात कुणीतरी खालून नवा, कढत रस ओतला होता. अर्धवट गोठलेला, जड झालेला तो सगळा लगदा त्याने हलवून जागा केला होता.

हे तिने सेन्सेइंना फोनवर सांगितलं. "हाकामाता-कुन," ते म्हणाले, "एक बगळा दिसला म्हणून तळं भरलंय असं होत नाही."

"सेन्सेइ, एक नाही, थवा आहे."

"मग काप नीट घासले गेले नसतील."

फोन ठेवून मिहोको छपरीत गेली आणि चाकी अशी फिरवली की शिगेबाई पलीकडून ओरडल्या, "अगं, दगड दळून पीठ करायचंय का?"

शेवटी तिला हवा तसा दगड मिळाला. दक्षिणेच्या कड्यावर, जुन्या उद्रेकाच्या फिक्या दगडात, काळे गोळे होते. गोळ्यांच्या कडा चुण्या पडल्यासारख्या, थंड पाण्यात सोडलेल्या पातळ पिठासारख्या. दोन्ही रस ओले असतानाच एकमेकांना भेटले होते, याला आणखी पुरावा काय हवा? तिने डोक्याएवढा एक तुकडा फोडून आणला. पुढच्याच वादळात तो कडा समुद्रात कोसळला, त्यामुळे तसा दुसरा दगड मिळायची सोय उरली नाही. तेव्हा सेन्सेइ परदेशात गेले होते, मग आजारी पडले, मग निवृत्त झाले. त्यांच्यासमोरच कापायचा म्हणून दगड छपरीच्या ओट्यावर पडून राहिला. आणि एक दिवस त्यांचाच फोन आला. "आता मला वेळच वेळ आहे. तुझा तो दगड घेऊन ये बघू."

मिहोको ओट्यावर गेली. दगड तिथे नव्हता.

तिने छपरी पालथी घातली. घराखाली वाकून पाहिलं. केनसाकुला बोटीवरून बोलावून आणलं.

"दगड हरवला?" केनसाकु डोकं खाजवत म्हणाला. "अगं, अख्खं बेट दगडाचं आहे. दुसरा घे."

"दुसरा नाहीये! कडा पडला, आठवत नाही?"

"मग हा इतकी वर्षं ओट्यावर कशाला ठेवलास?"

यावर ती जास्तच चिडली. तेवढ्यात शिगेबाई हात पुसत बाहेर आल्या. "काय, काय शोधताय? तो काळ्या ठिपक्यांचा? तो होय! तो माझ्या पिंपाच्या झाकणावर आहे. मासे वर तरंगायचे गं. त्याचं बूड कसं सपाट, छान बसलाय."

मिहोकोने झाकणाकडे पाहिलं. दगड अर्धा पाण्यात होता. झाकण केव्हाच तिरपं झालं होतं आणि काळे गोळे आजेसासूच्या पाण्यात डुंबत होते.

"आई! किती दिवसांपासून?"

"आता ते कोण लक्षात ठेवतंय? बरेच दिवस झाले."

"तुम्ही मला विचारायचंत तरी!"

"तू मला विचारून छपरी घेतलीस का? दगड नुसता बसून होता. मी त्याला कामाला लावलं."

मिहोकोने दगड ब्रशने घासला, साबणाने धुतला, उन्हात ठेवला, शोचू दारूमध्ये भिजवला. शोचू वाया गेली म्हणून केनसाकु हळहळला. वास तसूभर हलला नाही. बोटीवर तिने दगड तीन पिशव्यांत गुंडाळला, तरी शेजारच्या बाईने आपली पथारी उचलली आणि पार जिन्याखाली नेऊन टाकली.

विद्यापीठात सेन्सेइ आपल्या जुन्या खोलीत वाट बघत होते. दगडाचा बाहेरचा भाग खाऱ्या पाण्याने बिघडला होता, पण गाभा घट्ट होता, तिथे काही शिरलेलं नसणार, असा मिहोकोचा अंदाज. करवत सुरू झाली. पातं तापलं, पाण्याचे तुषार उडाले, आणि शिगेबाईंच्या पिंपाचा वास त्या मजल्यावर असा पसरला की एकेक दार उघडू लागलं. कुणीतरी गॅस गळतोय म्हणून खाली फोन केला. सेन्सेइ नाकाला रुमाल लावून उभे राहिले आणि मिहोको जन्मात शरमली नव्हती इतकी शरमली.

काप मात्र सुरेख निघाले. सेन्सेइ सूक्ष्मदर्शकाशी बसले. बराच वेळ बसले. चुणीदार कडा पाहिल्या, खाल्लेले फेल्डस्पार पाहिले, त्यावरची ताजी कडी पाहिली. काप फिरवला, परत पाहिला.  मिहोकोची वीस वर्षांची खटपट त्या काचेखाली होती.

सेन्सेइंनी डोकं वर काढलं. "बरोबर. दोन रस मिसळलेत. हे तर मी पहिल्यापासून म्हणत आलोय."

मिहोकोला वाटलं, त्या दगडानेच यांच्या टकलावर एक हाणावी. "सेन्सेइ, तुम्ही म्हणाला होतात की काप नीट घासले गेले नाहीत."

"तेही खरंच होतं," सेन्सेइ शांतपणे म्हणाले. "आधीचे काप जाडच होते. हे चांगले आहेत."

पण माणूस हट्टी असला तरी आळशी नव्हता. त्याच विद्यापीठातल्या यंत्रावर तिच्या स्फटिकांची तपासणी होईल, अशी व्यवस्था त्यांनी स्वतः खेटे घालून केली. स्फटिक कढत रसात पडला की जुन्या आणि नव्या कड्यामधली रेघ हळूहळू पुसट होत जाते, ओल्या कागदावरच्या शाईसारखी. ती किती पुसट झाली यावरून कढत रस आल्यापासून डोंगर फुटेपर्यंत किती काळ गेला, ते काढता येतं. निघाले जेमतेम दोन महिने. हजारो वर्षं झोपलेला लगदा, आणि खालून रस आल्यावर दोन महिन्यांत तो डोंगर फोडून बाहेर पडला होता. निबंध छापून आला. त्यावर तिचं नाव पहिलं होतं, कंसात हाकामाता.

तिने गावात येऊन सभेत सांगितलं, "खोलवर भूकंप सुरू झाले, तर समजा खाली नवा रस येतोय. मागच्या वेळी त्यानंतर दोन महिनेच मिळाले होते."

"छान," असानुमा म्हणाले. "मग ते भूकंप कधी सुरू होणार?"

मिहोको पाणी प्यायली आणि खाली बसली.

ते भूकंप काही वर्षांनी एका वसंतात सुरू झाले. आधी खोल, मग वर वर सरकत. हवामान खात्याची माणसं उपकरणं घेऊन आली आणि लक्ष ठेवून आहोत म्हणाली. मिहोकोला अन्न गोड लागेना. ती रोज असानुमांच्या कचेरीत जाऊन बसू लागली. "सगळ्यांना हलवा म्हणत नाही. म्हातारी माणसं, अंथरुणाला खिळलेली, एवढी तरी आधी मुख्य भूमीवर न्या. डोंगर फुटल्यावर त्यांना धक्क्यापर्यंत कोण नेणार?"

"आणि नाही फुटला तर?"

"तर शिव्या मला द्या."

"ते तर देतीलच," असानुमा म्हणाले, पण दोन दिवसांनी त्यांनी बोट मागवली. रस्त्याला भेग पडली होती, आणि त्यांची स्वतःची आई अंथरुणावर होती.

म्हाताऱ्यांना मुख्य भूमीवरच्या एका शाळेच्या व्यायामशाळेत ठेवलं. देखभालीला मिहोको सोबत गेली. केनसाकु बेटावर राहिला. म्हाताऱ्यांबरोबर आलेल्या शिगेबाई त्याला रोज फोन करत, "पाण्यात मासे घातलेस का? ढवळलंस का?" असं विचारत, आणि तो कसा आहे हे न विचारता फोन ठेवून देत. बाकी सगळ्यांचा राग मिहोकोवर निघे. पुठ्ठ्याच्या आडोशांमध्ये झोपून पाठी धरल्या, डब्यातला भात गार, आशिताबाच्या भाजीची कोवळी पानं खुडायचा हंगाम हातचा गेला. "ओकियामांच्या सुनेनं आम्हाला इथे आणून टाकलं" हे वाक्य तिने इतक्यांदा ऐकलं की झोपेतही ऐकू येई.

दोन महिने झाले. भूकंप वरच्या थरापर्यंत आले, आणि थांबले. खालच्या रसाने डोंगर फुगला होता तो तसाच राहिला. आणखी काही आठवडे गेले. काहीच झालं नाही. बोट सगळ्यांना परत घेऊन आली.

परतल्यावर गावाने तिला सभेत उभं केलं.

"म्हणजे काहीच झालं नाही," कुणीतरी म्हणालं.

"झालं!" मिहोकोचा आवाज चढला. "रस आला होता. वर चढता चढता त्यातली वाफ भेगांमधून निसटली. वाफ गेली की रसात स्फटिक भराभर धरतात. पाक जास्त आटला की पळी हलत नाही ना, तसं झालं. तो तिथेच अडकला, आणि आता तिथेच थिजतोय. बहुतेक वेळा असंच होतं. वर येतो तो थोडा, खाली राहतो तोच जास्त."

"दाखवा मग."

"कसा दाखवू? तो खाली आहे!"

सगळी सभा हसली. तिने प्रदर्शनाची नोकरी सोडायचं ठरवलं आणि स्वच्छतागृहाची किल्ली असानुमांच्या टेबलावर आपटली. त्यांनी ती दुसऱ्या दिवशी घरी परत पाठवली, प्रवासी खोळंबलेत असा निरोप देऊन.

त्याच आठवड्यात दुकानात मिसोच्या डब्यांपाशी उभी असताना तिला पलीकडून आवाज ऐकू आले. एक बाई म्हणत होती, "उगाच दगड वाचत बसते आणि आमचा हंगाम घालवते." आणि उत्तर द्यायला चक्क शिगेबाई.

"तुझ्या घरचं कुणी मेलं का?"

"नाही, पण..."

"मग रडतेस कशाला? माझे पाय सुजले त्या व्यायामशाळेत, सून माझी आहे, तिला बोलायचं ते मी बोलेन. तू तुझा तोफू घे आणि नीघ."

मिहोको डब्यांमागेच उभी राहिली, पण जाताना शिगेबाईंनी तिला पाहिलंच. घरी आल्यावर ती काही बोलणार, तेवढ्यात शिगेबाईच म्हणाल्या, "लगेच फुगून जाऊ नकोस. व्यायामशाळेतल्या त्या गाद्या तूच निवडल्या होत्यास, ते मी विसरले नाही."

शरद ऋतू आला तसं एक वेगळंच प्रकरण सुरू झालं. किनाऱ्यावरच्या गरम पाण्याच्या सार्वजनिक न्हाणीत बेटावरचे म्हातारे पिढ्यान्‌पिढ्या डुंबत आले होते. तिथलं पाणी कढत होऊ लागलं. आधी लोक म्हणाले छान, थंडी येतेय. मग असानुमांनी एका संध्याकाळी पाय घातला आणि किंचाळत बाहेर काढला. दुसऱ्या दिवशी गाव मिहोकोच्या दारात.

"हे काय आहे?" लाल झालेला पाय दाखवत असानुमा म्हणाले.

"थिजताना तो उष्णता सोडतो," मिहोको म्हणाली. "स्फटिक धरताना रस आपली ऊब बाहेर टाकतो. तीच तुमच्या पाण्यात येतेय."

असानुमांनी पाय खाली घेतला. मागे उभ्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. सभेत हसलेले दोघेतिघे जमिनीकडे बघू लागले. माफी कुणी मागितली नाही. हिसागोवर ती पद्धत नाही. शेवटी असानुमाच म्हणाले, "मग त्याचं काहीतरी करा ना तुम्ही. तुमच्याच ओळखीचा आहे तो."

मिहोकोने कपाळाला हात लावला. केनसाकु मात्र हसू दाबत छपरीत शिरला आणि जुने नळ शोधू लागला. दोघांनी मिळून समुद्राचं गार पाणी न्हाणीत आणायचा नळ बसवला. पाणी जरा खारट झालं, त्याबद्दल तक्रारी आल्या. मिहोको रोज संध्याकाळी बायकांच्या बाजूला जाऊन तापमान बघते, तोटी कमी-जास्त करते, आणि पाण्यात बसलेल्या म्हाताऱ्या "अजून थोडं गार, अजून थोडं, अगं किती गार!" असं ओरडत तिला पिटाळत राहतात.